आठवी खोळ

१

ज्या बुधवारी डॉ. हिगांचा फोन आला, त्या दिवशी मी संग्रहाच्या कपाटांमधल्या डांबरगोळ्या बदलत होतो. दर तीन महिन्यांनी हे काम असतं. एकशे बारा खण, प्रत्येक खणाच्या कोपऱ्यात एक गोळी. आमचं ऑफिस म्हणजे लिहुएच्या मागच्या रस्त्यावरची एक लांबट खोली, पूर्वी उसाच्या कारखान्याचं गोदाम होतं. दार उघडं ठेवलं की कोंबड्या आत येतात. आमच्या काउआई बेटावर त्या कुणाच्याच नसतात आणि सगळीकडे असतात. मी एकीला पायाने बाहेर घालवत होतो तेवढ्यात फोन वाजला.

“लोपाका, उभा आहेस की बसलेला?”

“शिडीवर आहे.”

“मग आधी उतर. तुझी दलदलीतली अळी कुणाचीच नाही.”

डॉ. हिगा होनोलुलूला असतात. आमच्या बेटांवरच्या पतंगांबद्दल शेवटचा शब्द गेली तीस वर्षं त्यांचा. मार्च महिन्यात मी वरच्या दलदलीतून, ओहिआच्या एका मेलेल्या झाडाच्या खोडावरून सात अळ्या आणल्या होत्या. सहांचे पतंग झाले. त्यातल्या दोघांचे पाय डीएनए तपासणीला पाठवले होते.

“माहीत असलेल्या एकाही जातीशी जुळत नाही,” त्या म्हणाल्या. “नवी आहे. वर्णन तू लिहायचंस आणि नावही तूच द्यायचंस. माझं नाव देणार असलास तर आधी मरू दे मला, मग दे. आणि सातवीचं काय?”

“अजून अळीच.”

“ऑक्टोबर लागला रे.”

“खाते, फिरते. कोश करायचं नाव नाही.”

“हट्टी दिसतेय. तेही लिही. आणि खोळीचं नीट वर्णन हवं मला, कशाकशाची बनलीय ते कणाकणाने. तुला येतं ते.”

मी फोन ठेवला तेव्हा हातात डांबरगोळ्यांची पिशवी तशीच होती. मला आनंद झाला होता, हे मला स्पष्ट आठवतं. चार वर्षांत पहिल्यांदा.

२

ह्या घराण्यातल्या पतंगांच्या अळ्या स्वतःच्या रेशमाची खोळ विणतात आणि ती अंगावर घेऊनच वाढतात. बाहेरून तिला आसपास मिळेल ते चिकटवतात: शेवाळ, वाळूचे कण, सालीचे कपचे. खोळ पाहिली की अळी कुठे राहिली ते सांगता येतं. चालताना डोकं बाहेर काढायचं, पुढचे पाय रोवायचे, मागची खोळ ओढून घ्यायची, थांबायचं. प्लास्टिकच्या डबीला कान लावला तर ऐकू येतं. खर्र. मग शांतता. मग खर्र.

सातवीची खोळ भाताच्या दाण्याहून थोडी मोठी होती. मी ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मार्चमध्ये काढलेलं चित्र शेजारी घेतलं. शेवाळ होतं तिथेच होतं. वाळूचे तीन काळे कण होते. तोंडाजवळ एक पिवळा धागा होता.

चित्रात धागा नव्हता.

भिंग वाढवलं. पीळ दिसत होता. रंगवलेली लोकर.

दलदलीत स्वेटर घालून माणसं येतात, हे पहिल्यांदा मनात आलं. पण ते खोड वाटेपासून चार तास आत होतं, आणि नंतर ही अळी डबीतून बाहेर पडलेली नव्हती. ऑफिसात माझ्याशिवाय कुणी बसत नाही. माझ्याकडे पिवळं काही नाही. मग मी उरलेल्या सहा खोळी काढल्या, रिकाम्या, पतंग निघून गेलेल्या, मे महिन्यापासून काचेच्या नळ्यांत बूच लावून ठेवलेल्या. प्रत्येकीत एक धागा होता. सहाही चित्रांत नव्हता.

मी बावीस वर्षं ही चित्रं काढतो आहे. जे आहे ते सगळं काढतो, नाही ते काढत नाही. एवढी एकच गोष्ट मला येते.

वर्णनाच्या कागदावर मी लिहिलं: ‘एक पिवळा लोकरी तंतू, उगम अज्ञात.’ शेवटचे दोन शब्द खरे नव्हते.

३

नोहेआ आमची मुलगी. गेली तेव्हा सात वर्षांची होती. उपचारांत केस गेले, आणि इस्पितळात एसी फार असायचा, म्हणून कानोएने, माझ्या बायकोने, तिच्यासाठी पिवळ्या लोकरीची टोपी विणली. ती आम्ही तिच्या डोक्यावरच राहू दिली. पेटी बंद करण्याआधी मीच ती तिच्या कानांवरून खाली ओढली होती.

पिवळी लोकर जगात पुष्कळ आहे. हानापेपेला घरी परत येताना गाडीत मी हे वाक्य मोठ्याने म्हटलं.

रात्रीच्या जेवणाला भात, पोई म्हणजे अळकुड्यांचा लगदा, आणि मासा होता. मी कानोएला बातमी सांगितली.

“कुणाच्याच यादीत नाही. नवी निघाली. नाव मी द्यायचंय.”

“तू?”

“हो.”

“बरं झालं,” ती माशाचे काटे काढत म्हणाली. “नावं तू फार छान ठेवतोस.”

हे सांगावं लागेल. आमच्याकडे पोटात मूल असताना घरातल्या कुणाला स्वप्नात नाव ऐकू आलं, तर ते त्या मुलाला द्यायचं असतं. ते कुणी निवडत नाही, ते आलेलं असतं. कानोएला आठव्या महिन्यात, दुपारी सोफ्यावर डोळा लागला असताना ते ऐकू आलं. तिने मला ते गाडीत सांगितलं, एकदाच. मी हसलो होतो असं ती म्हणते. मला हसल्याचं आठवत नाही, पण मी हसलो असेन. माझी आई त्याच महिन्यात गेली होती. बाळंतपणानंतर कानोए झोपली असताना नर्सने फॉर्म आणला आणि मी त्यावर माझ्या आईचं नाव लिहिलं. नोहेआ. कानोए उठली आणि तिने फॉर्म वाचला. त्यानंतर अकरा वर्षं ती त्यावर काही बोलली नव्हती. त्या माशाच्या काट्यांपर्यंत.

“ते नाव द्यावं म्हणतो,” मी म्हणालो. “तुला आलेलं.”

तिचा हात थांबला. “कशाला?”

“म्हणजे कुठेतरी राहील ते. छापील. कायमचं.”

“कुठेतरी कशाला राहायला हवं? ज्याचं त्याला मिळालं म्हणजे झालं.” तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती रडणार, पण ती बरी दिसत होती, बऱ्याच दिवसांत इतकी बरी दिसली नव्हती. “दे. पण ह्या वेळी मध्येच सोडू नकोस.”

४

नवं नाव सगळ्या जातीला एकदम लागत नाही. आधी ते एका देहाला लागतं. त्या एका पतंगाच्या टाचणीत लाल चिठ्ठी टोचतात, आणि पुढे जगात त्या जातीचे कितीही निघाले तरी नाव ह्या एकाचंच असतं, बाकीचे त्याच्या आधाराने ओळखले जातात. म्हणून देह चांगला निवडावा लागतो. मी सहांमधला तिसरा निवडला. पंख करडे, कडेला पुसट पट्टा. खास काही नाही. हाताच्या नखावर मावेल एवढा.

गुरुवारी सकाळी सव्वादहा वाजता मी लाल चिठ्ठीवर पेन्सिलीने ते नाव लिहिलं. इथे ते लिहिणार नाही. लिहिताना जाणवलं की मी ते प्रथमच डोळ्यांनी पाहत होतो. आजवर ते फक्त ऐकलेलं होतं.

चिठ्ठी टोचली. खण बंद केला. हात धुऊन आलो आणि सवयीने सातवीची डबी उचलली.

ती डबीच्या तळाशी नव्हती. झाकणाला आतून लटकली होती. खोळीचं वरचं टोक रेशमाने चिकटवलेलं आणि तोंड शिवलेलं. कोश करण्याआधी त्या असंच करतात.

मी वहीत वेळ लिहिली, दहा एकोणतीस. मार्च ते ऑक्टोबर न केलेलं काम तिने चौदा मिनिटांत केलं होतं. हवामान बदललं असेल, असंही लिहिलं. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. हवामान बदललेलं नव्हतं.

५

नव्या जिवाला नाव देण्याआधी आमची मोठी माणसं त्याच्यासोबत बसतात. ते कुठे राहतं, काय खातं, कुणाला भितं, हे विचारतात. घाई नसते. पश्चिमेकडच्या भागातून ह्या कामाला अंकल कालेओ येतात. शुक्रवारी ते मानापुआचा खोका घेऊन आले, वाफाळलेले पाव, डुकराच्या मांसाने भरलेले. खोका त्यांनी माझ्या कागदांवरच ठेवला.

“कुठे आहे पाहुणी?”

मी डबी दिली. त्यांनी ती डोळ्यांसमोर धरली, लांब नेली, पुन्हा जवळ आणली.

“अरे, हे तर मला दिसतही नाही. ह्याचं नाव काय ठेवायचं, चष्मा?”

“कानाला लावून बघा, अंकल. एरवी आवाज येतो. आता तोंड शिवलंय, कदाचित येणार नाही.”

त्यांनी डबी कानाला लावली. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं आणि मग ते तसंच राहिलं, पण त्याच्या मागे काही उरलं नाही. डबी त्यांनी दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली.

“नाव ठरवलंस?”

मी खण उघडून लाल चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती ओठ न हलवता वाचली.

“हे कुणाकडून आलं?”

“कानोएला स्वप्नात ऐकू आलं होतं. पोटुशी असताना.”

“आणि पोरीला कोणतं नाव दिलंत?”

“तुम्ही आला होतात की बारशाला. नोहेआ.”

अंकल कालेओ खुर्चीत बसले. बाहेर एक कोंबडा ओरडत होता.

“म्हणजे ते नाव अजून मोकळंच आहे,” ते म्हणाले.

“अंकल, शास्त्राच्या दृष्टीने बघितलं तर—”

“मला शास्त्र शिकवू नकोस. तुझ्या बापाला मी पोहायला शिकवलंय, आणि तोही असाच मध्येच बोलायचा, पाणी जायचं तोंडात.” त्यांनी टोपी उचलली. “चिठ्ठी काढ ती. आजच्या आज. मी ह्यात बसणार नाही.”

“काढली तर काय होईल?”

“काही नाही होणार,” ते दारातून म्हणाले. “ते काही न होणंच बरं.”

मानापुआचा खोका टेबलावरच राहिला. आयुष्यात मी अंकल कालेओंना खाणं मागे ठेवून जाताना पाहिलं नव्हतं.

६

मी चिठ्ठी काढली. भ्यायलो होतो असं नाही. मोठ्या माणसाचा मान ठेवायचा म्हणून काढली, पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलू असं ठरवून. शर्टाच्या खिशात ठेवली.

शनिवारी सकाळी ऑफिसात गेलो तेव्हा सातवी डबीच्या तळाशी चालत होती. झाकणाला रेशमाचा गोल ठसा उरला होता, कडा कुरतडलेल्या. खर्र. शांतता. खर्र.

मी पुस्तकं काढली. एकदा तोंड शिवलेली अळी परत उलगडत नाही. आतमध्ये तिचं पाणी व्हायला सुरुवात झालेली असते, मागे यायला अळी उरलेलीच नसते. मी डबी खणात ठेवली, खण बंद केला, आणि दुपारी काम टाकून घरी आलो.

आमचं घर खांबांवर आहे, इथल्या बहुतेक घरांसारखं. जमीन आणि फळ्या यांच्यामध्ये माणूस वाकून जाईल एवढी जागा, भोवती लाकडी जाळी. तिथे कोंबड्यांचं एक कुटुंब राहतं. गाडी लावली तेव्हा ते सगळं कुटुंब रस्त्याच्या पलीकडे उभं होतं. दहा-बारा कोंबड्या, पिल्लं, कोंबडा. दाणे टिपत नव्हत्या. घराकडे तोंड करून नुसत्या उभ्या होत्या.

कानोए घरात नव्हती. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो. घड्याळात दोन चाळीस झाले होते. कोपऱ्यावर शाळेची बस ह्याच वेळेला थांबायची. शनिवार होता, बस नव्हती, तरी मी वेळ बघितली. चार वर्षं बघतो आहे.

पायाखाली काहीतरी ओढलं गेलं.

गोणी खडीवरून ओढावी तसा आवाज. मग शांतता. लहान अळीच्या दोन ओढींमध्ये चार सेकंद जातात, मी मोजलेलं आहे. इथे मी अकरा मोजले. मग पुन्हा खर्र.

डुक्कर असेल, मी ठरवलं. डुकरं डोंगरातून खाली येतात, घरांखाली शिरतात, कोंबड्या बाहेर पळतात. सगळं जुळत होतं. मी फळीवर जोरात पाय आपटला. डुक्कर अशा वेळी धावतं.

काही धावलं नाही.

मी नोहेआच्या खोलीच्या दिशेने दोन पावलं टाकली. खाली दोनदा खर्र झालं. मी थांबलो. ते थांबलं.

७

त्या खोलीत रविवारी कानोए केर काढते. मी जात नाही. दार उघडलं तर आत नेहमीचा उजेड होता, पडद्यातून गाळलेला. पलंग होता. त्यावरची गोधडी होती, पण तिच्या कडा नव्हत्या. दोन्ही बाजूंनी पट्ट्यापट्ट्यांनी कापून नेल्या होत्या. कपाटात हँगर्स होते आणि शाळेचे गणवेश नव्हते. रंगीत खडूंचा डबा रिकामा. कंगवा नव्हता. केसांच्या रिबिनींची पेटी उघडी आणि रिकामी.

“डुक्कर नाहीये ते,” कानोए मागून म्हणाली.

ती दारात उभी होती, हातात बाजाराची पिशवी. पिशवीतून लाल कापडाची गुंडाळी डोकावत होती.

“केव्हापासून?” मी विचारलं.

“तू त्या अळ्या आणल्यास ना, त्या आठवड्यापासून. आधी वाटलं मांजर आहे.”

“आणि तू हे सगळं—”

“तिचंच तिला दिलं. दुसऱ्याचं काही दिलं नाही. आता संपलं, म्हणून हे विकत आणलं.” तिने पिशवी पलंगावर ठेवली. “पुरत नाही रे तिला. वाढते ना ती. अकरावं सरत आलं.”

मी पलंगाच्या कडेवर बसलो. कानोएचा आवाज भाजीचा भाव सांगावा तसा होता.

“तू पाहिलंस?”

“नाही. मागच्या पायरीपाशी ठेवते आणि आत येते. कपडे बदलताना डोकावलेलं तिला कधी आवडायचं? दार लावून घ्यायची.”

“कानोए, माझ्या निळ्या शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी होती. लाल.”

“होती. धुवायला टाकलास तसाच. भिजू नये म्हणून काढली मी.”

“कुठे आहे?”

तिने खिडकीचा पडदा सरळ केला, तो सरळच होता.

“तू तो कागद पाठव,” ती म्हणाली. “होनोलुलूला. हिगाबाई छापतील ना? एकदा छापलं की झालं ना ते नाव?”

“छापल्याशिवाय नाव होत नाही.”

“मग पाठव. तिला बाहेर यायचंय, लोपाका. गुरुवारी सगळा दिवस ती गप्प होती, आवाज नाही, काही नाही. मला वाटलं झालं एकदाचं. मग शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा सुरू. तू काहीतरी काढून घेतलंस ना?” ती माझ्याजवळ बसली आणि तिने माझा हात धरला. तिचा हात उबदार होता. “मी तुला कधी काही म्हटलं नाही. म्हटलं का? आता एवढं कर.”

८

मी मागच्या पायरीने खाली उतरलो. दुपारचं ऊन होतं. जाळीची एक चौकट आधीच काढून भिंतीला टेकवलेली होती, नीट, कानोए करते तशी. मी लाल मातीत पोटावर पडलो आणि डोकं-खांदे आत सरकवून पाहिलं.

ऊन जाळीतून पडून जमिनीवर चौकोन झाले होते. त्या उजेडात पहिल्यांदा मला गुंडाळलेली चटई दिसली. खांबाला लागून आडवी. मग दिसलं की चटईला शेवाळ आहे, आणि मातीचा थर, आणि कोंबड्यांची पिसं, सगळी एकाच दिशेला बसवलेली. गोधडीच्या पट्ट्या होत्या. गणवेशाचं निळं कापड होतं, रिबिनी होत्या. खडूंचे तुकडे होते, ओळीने, फिक्यापासून गडदपर्यंत. नोहेआ ते असेच लावायची आणि कुणी क्रम बिघडवला तर रडायची.

माझं मन काम करत होतं. ते मोजत होतं. लांबी साडेचार फूट. साहित्य: सात प्रकार. रचना: सर्पिल. भीती अशी असते हे मला माहीत नव्हतं, की ती तुम्हाला तुमच्या रोजच्या कामाला लावते.

माझ्याकडच्या टोकाला तोंड होतं. त्याच्या काठाला रेशमात अर्धी गुंतलेली लाल चिठ्ठी होती. पेन्सिलीची अक्षरं तिथून दिसत नव्हती.

“नोहेआ,” मी म्हणालो.

काही झालं नाही. घर वरती शांत होतं. कानोए वर फळ्यांवर उभी होती, नेमकी कुठे ते मला कळत होतं.

“नोहेआ, बाळा.”

कुणा अनोळखी माणसाने दुसऱ्या कुणाला हाक मारावी आणि आपण वाट बघत राहावं, तसं ते वाट बघत होतं. दुसरं नाव माझ्या जिभेवर आलं. खरंच आलं. तोंड उघडलेलं होतं. मला एवढंच करायचं होतं.

तेव्हा ते हललं. तोंडातून काहीतरी बाहेर आलं आणि मातीत रोवलं गेलं, एक आणि मग त्याच्याशेजारी एक. ते हात होते असं मी म्हणणार नाही. मागची सगळी लांबी ओढली गेली, खर्र, आणि खोळ माझ्याकडे वीतभर सरकली. मग अकरा सेकंद. मग खोळीच्या तोंडाशी पिवळी लोकर आली, गोल, कानांवरून खाली ओढलेली, मी ओढली होती तशीच. टोपीचा फक्त माथा दिसत होता. खाली झुकलेला.

तो वर उचलला जायला लागला.

मी मागे सरकलो. कोपरांवर, मातीतून, खांबाला डोकं आपटेपर्यंत, आणि मग उन्हात आलो. जाळीची चौकट मी परत लावली. खिळे नव्हते. हातांनी दाबून धरली. आतून कुणी ढकललं नाही.

९

ह्याला आता पाच आठवडे झाले. डॉ. हिगांनी दोनदा फोन केला. काल तिसरा.

“वर्णनाचा खर्डा सुंदर लिहिलायस,” त्या म्हणाल्या. “खोळीवर तीन पानं! अळीवर तीन पानं तर मीही कधी लिहिली नाहीत. पण पहिल्या ओळीत नाव कुठेय? नाव नसलेलं कसं छापू? शुक्रवारी अंक बंद होतो, राजा. मग थेट पुढच्या वर्षी.”

“पाठवतो,” मी म्हणालो.

“आवाज का असा? कानोए बरी आहे ना?”

“बरी आहे.”

ती खरोखर बरी आहे. जेवते. गाणं गुणगुणते. मागच्या पायरीपाशी लाल कापड ठेवते. गेल्या आठवड्यात तिने शेजारच्या माणसाला बोलावून नोहेआच्या खोलीतला छताचा पंखा काढून घेतला, पलंग भिंतीला लावला, आणि छत पुसून घेतलं. जाळीची चौकट रोज सकाळी ती काढते, आणि रोज संध्याकाळी मी लावतो. ती मला दिवसातून एकदा विचारते, पाठवलास का. मी म्हणतो, उद्या. ती मान हलवते. तिची खात्री आहे की मी पाठवीन.

मीही तसंच समजतो. मी नोहेआचा बाप आहे. एकदा मी तिला चुकीच्या नावाने जगायला लावलं, आणि आता योग्य नावाचा कागद माझ्यासमोर आहे, आणि एक शब्द लिहिला की ते मिटेल. रोज सकाळी मी पेन उघडतो. मग टोपीचा माथा आठवतो, वर उचलला जाताना, आणि मला कळत नाही की त्या टोपीखाली कोण होतं: जिला मी ती घातली होती ती, की जे इतकी वर्षं मोकळं होतं आणि ज्याला अंगावर घ्यायला तिच्या वस्तू मिळाल्या ते.

सातवीची डबी टेबलावर आहे. ती चालते, थांबते.

वर्णनाचा कागद पूर्ण झाला आहे. ‘तपासलेले नमुने’ ह्या ओळीत मी सात लिहिले आहेत. नावाची जागा मी अजून भरलेली नाही.